नळी पाण्यात बुडवू नये



गेल्या महिन्यात इथल्याच एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. नवीन घर, नवीन हिरवळ, त्यामुळे जेवणानंतर मागचं अंगण बघण्याचा कार्यक्रम ओघाने आलाच. तिथे बाहेरच्या नळाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "इथे एक पितळेची डबी होती बघ. नळ बंद केला की दर वेळी अंगावर पाणी उडवायची. शेवटी करवतीने कापून काढली. दहा मिनिटांत काम!" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. कारण हाच पराक्रम मी स्वतः केलेला आहे, आणि त्याचं पुढे काय झालं ते आजवर घराबाहेर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घराला असा नळ असणार, आणि निम्म्यांनी ती डबी एकतर काढलेली असणार किंवा काढायच्या बेतात असणार.

मी राहतो ऑस्टिनच्या उत्तरेला, टेक्सासमध्ये. शिक्षण मेकॅनिकलचं, पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. फ्लुइड मेकॅनिक्सला एकदा गचकलो होतो, हे आधीच कबूल करतो म्हणजे पुढचं वाचताना अपेक्षा माफक राहतील.

आधी फेब्रुवारी २०२१. इकडच्या लोकांना ती थंडी वेगळी सांगायला नको. १५ तारखेच्या पहाटेपासून वीज जायला लागली, घरोघरी पाइप फुटले, आणि १७ ते २३ फेब्रुवारी सबंध ऑस्टिन शहराला पाणी उकळून प्या अशी सूचना होती. आमच्या घरातले पाइप वाचले, पण बाहेर भिंतीलगत स्प्रिंकलरच्या लाइनवर उलट्या 'यू'सारखी जी पितळी वस्तू उभी असते, तिच्या डोक्यातून कारंजं उडायला लागलं. ही वस्तू म्हणजे प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर. तोवर चार वर्षं मी तिच्या शेजारून गवत कापत फिरलो होतो, पण ती कशासाठी आहे हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

प्लंबर मिळणं अशक्य होतं. सगळ्या गावाचीच तीच रड. सुटे भागही मिळेनात. शेवटी मार्चअखेर एक दुरुस्ती-किट चाळीसेक डॉलरला मिळालं, ते मी स्वतः बसवलं, गळती थांबली, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. त्याच खुशीत बाहेरच्या नळाकडे वळलो. तिथली डबी, म्हणजे होसच्या नळाचा छोटा व्हॅक्यूम ब्रेकर, फुरफुर करून पँट भिजवायची. तिच्या स्क्रूचं डोकं बसवतानाच मुद्दाम मोडून टाकलेलं असतं, कुणी सहज काढू नये म्हणून. आता एखादी गोष्ट काढता येऊ नये अशी कुणी तजवीज केली असेल, तर त्यामागे काही कारण असेल असा विचार शहाण्या माणसाने केला असता. मी ड्रिल आणलं.

तो शनिवार

जून २०२२. भर दुपार, शंभराच्या वर पारा. मागच्या अंगणात लेकीचा फुगवायचा पूल मांडला होता. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी, त्यातली एक अजून लंगोटातली. सकाळीच मी हिरवळीवर खत टाकलं होतं आणि पोरं अनवाणी इकडून तिकडे पळत होती, त्यामुळे पाण्यात गवत, खताचे दाणे, सनस्क्रीन, सगळंच होतं. नळ चालू, नळीचं तोंड पुलात तळाशी बुडलेलं.

थोड्या वेळाने बायको आतून म्हणाली, "अरे, किचनच्या नळाला पाणी येत नाहीये, नुसता फसफस आवाज येतोय." मी बाहेर बघतो तर नळीतून पाणी येत नव्हतं. वाटलं, पोरांनी नळ बंद केला असेल. पण नळ चालूच होता. आणि मग लक्षात आलं की पुलाच्या आतल्या बाजूला छापलेला मासा, जो मघाशी पूर्ण पाण्यात होता, तो आता अर्धा बाहेर आलाय. चार बोटं पाणी कमी झालं होतं. आसपासचं गवत कोरडं. पूल कुठे फुटलेला नव्हता.

मी नळीचं तोंड पाण्याबाहेर काढलं आणि अंगठा लावून पाहिला. मंडळी, अंगठा आत ओढला गेला.

तो क्षण मी विसरलेलो नाही. नळ पाणी देत नव्हता, पीत होता. आमच्या पुलातलं ते सगळं पाणी, खत, लंगोट आणि जे काय असेल ते, उलट दिशेने आमच्या घराच्या पाइपात आणि तिथून कदाचित रस्त्याखालच्या मेन लाइनमध्ये चाललं होतं. धावत जाऊन नळ बंद केला. नंतर कळलं की उताराच्या टोकाला, वस्तीच्या फाटकाजवळ मेन लाइन फुटली होती. पाणी खाली धो धो वाहून जात होतं, वरच्या घरांच्या पाइपात पोकळी तयार झाली होती, आणि आमची नळी म्हणजे सायफनची तयार नळी होती.

पाणीपुरवठा खात्याला फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे पत्ता लिहून घेतला, नळावर व्हॅक्यूम ब्रेकर आहे का ते विचारलं. "होता," एवढंच मी म्हणू शकलो. मग शेजारी गेलो. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. लेक त्यांना आजीच म्हणते. त्या दिवशी त्यांच्याकडे नळ येऊन-जाऊन होता आणि त्यांनी नुकताच चहासाठी जग भरला होता. मी दारात उभं राहून सांगितलं, हे पाणी पिऊ नका, आणि का ते पण सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जगाकडे पाहिलं, आणि जग सिंकमध्ये उलटा केला. "ती वस्तू परत बसव बाबा," एवढंच म्हणाल्या.

पुढे दोन दिवस पाणी उकळून प्यायची सूचना होती, हायड्रंट उघडून लाइन धुतली गेली. कुणी आजारी पडलं नाही. आमचं पाणी त्यांच्या जगापर्यंत पोचलं होतं का, हे कळायला मार्ग नाही. पण पोचू शकलं असतं, आणि त्याला कारण मी होतो.

रात्री सांगलीला आईला फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलं. तिला व्हॅक्यूम ब्रेकर वगैरे काही समजावून सांगावं लागलं नाही. "नळी पाण्यात बुडवून ठेवलीस ना? लहानपणी शंभरदा सांगायचे रे तुला!" खरंच सांगायची. आमच्याकडे सकाळी तासभर नळाला पाणी यायचं. आई पिंप भरायला नळी लावायची ती सुतळीने कडेला बांधून, तोंड पाण्याच्या चार बोटं वर राहील अशी. कारण पाणी गेलं की नळी पिंपातलं पाणी परत ओढते, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. त्यात कुणी थेट नळाला मोटार लावली की ओढ आणखी वाढायची. लाइनला कुठे चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल तर तेही आत यायचं. म्हणून पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं. चोवीस तास दाबाने पाणी येणाऱ्या देशात आल्यावर मी हे सगळं सोयीस्करपणे विसरलो होतो.

ही यंत्रं करतात काय

पाणी उलटं फिरायची कारणं दोनच. एक, पुरवठ्याचा दाब पडतो आणि घरातलं पाणी मागे ओढलं जातं. मेन फुटली, किंवा जवळच्या आगीसाठी हायड्रंटमधून भरमसाठ पाणी काढलं, तर हे होतं. दुसरं, घरातलाच दाब पुरवठ्यापेक्षा जास्त होतो, उदा. पंप किंवा बॉयलरमुळे, आणि पाणी बाहेर ढकललं जातं.

यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे आईची सुतळी, म्हणजे हवेची फट. किचनच्या नळाचं तोंड सिंकच्या काठाच्या वर असतं ते यासाठीच. जिथे फट ठेवता येत नाही तिथे यंत्र लागतं:

बाहेरच्या नळावरची डबी: दाब पडला की हवेची भोकं उघडते, त्यामुळे पाण्याऐवजी हवा ओढली जाते. नळ बंद केल्यावर ती जी फुरफुर करते, तोच तिचा काम केल्याचा आवाज. ती सतत दाबाखाली ठेवण्यासाठी बनवलेली नसते. म्हणून नळ चालू ठेवून पुढे स्प्रेची बंदूक बंद करून दिवसचे दिवस सोडून देऊ नये.

प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर: स्प्रिंकलरसाठी. आत एक स्प्रिंगचा चेक व्हॉल्व्ह आणि वर हवेचं झाकण. सगळ्यात उंच स्प्रिंकलरपेक्षा किमान १२ इंच वर असावा लागतो. पाणी ओढलं जात असेल तर हा थांबवतो, पण उलट दाबाने ढकललं जात असेल तर हा उपयोगाचा नाही.

डबल चेक: एकामागे एक दोन चेक व्हॉल्व्ह, बऱ्याचदा जमिनीतल्या खोक्यात. दोन्ही प्रकारच्या उलट्या प्रवाहाला चालतो, पण जिथे विषारी रसायन किंवा मैल्याचा संबंध येतो तिथे तो पुरेसा मानत नाहीत.

आरपीझेड: दोन चेक व्हॉल्व्ह आणि मधे एक सुटका-व्हॉल्व्ह. चेक नीट बसला नाही तर पाणी बाहेर फेकतो. बाहेर पाणी सांडतंय म्हणून त्या तोंडाला बूच मारणारे महाभाग असतात. तसं केलं तर यंत्र असून नसल्यासारखं.

हे सगळं कागदी भीतीपोटी नाही. १९६९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टर गावात होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात काविळीची साथ आली, ९७ पैकी ९० जणांना लागण, आणि दोन सामन्यांनंतर मोसमच रद्द. कारण काय निघालं? सरावाच्या मैदानावरची पाणी द्यायची व्यवस्था. जवळपास राहणारी, काविळीची लागण झालेली मुलं तिथल्या पाण्याच्या खड्ड्यांत खेळायची. जवळ आग लागली, बंबांनी पाणी ओढलं, दाब पडला, आणि खड्ड्यातलं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये आलं. म्हणजे आमचाच पूल, फक्त मोठा. इथे टेक्सासमध्येच डिसेंबर २०१६ मध्ये कॉर्पस ख्रिस्ती शहरात एका औद्योगिक जागेतून डांबराचं रसायन उलटं लाइनमध्ये शिरल्याच्या संशयाने लोकांना काही दिवस नळाचं पाणी वापरू नका म्हणून सांगावं लागलं. उकळूनसुद्धा नाही.

गळत नाही म्हणजे चालतंय असं नाही

त्या शनिवारनंतर मी नवीन डबी आणून बसवली आणि लायसन्सवाल्या टेस्टरला बोलावलं. टेक्सासमध्ये यासाठी राज्याचं लायसन्स लागतं. त्याने स्प्रिंकलरच्या व्हॅक्यूम ब्रेकरच्या दोन छोट्या टेस्ट कॉकना गेज लावला. हवेचं झाकण किमान १ पीएसआयला उघडायला हवं, आणि चेक व्हॉल्व्हनेही किमान १ पीएसआय धरून ठेवायला हवा. आमचा चेक पास झाला. झाकण ०.६ ला उघडलं. नापास.

म्हणजे मी मोठ्या कौतुकाने दुरुस्त केलेला व्हॉल्व्ह सव्वा वर्ष नीट काम करत नव्हता, आणि मला पत्ता नव्हता, कारण तो गळत नव्हता. दुरुस्तीनंतर टेस्ट करून घ्यायची असते, ती मी केलीच नव्हती. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर, रोज बॅकअप घेतला पण रिस्टोअर एकदाही करून पाहिला नाही. टेस्टरने उघडून दाखवलं, इकडच्या पाण्यातले क्षार झाकणावर पांढरे जमले होते आणि ते तिथेच अडकत होतं.

तर अनुभवातून काही गोष्टी. काम सुरू करण्याआधी आपल्या गावाचे नियम बघा. काही ठिकाणी घरमालकाला स्वतः दुरुस्ती करता येते, काही ठिकाणी नाही. काही गावांत दर वर्षी टेस्ट लागते, काही ठिकाणी बसवताना एकदाच.

प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर उघडायचा असेल तर आधी पुरवठ्याकडचा व्हॉल्व्ह बंद करा, मग पुढचा. स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टेस्ट कॉक उघडून दाब सोडा. वरची टोपी काढली की आत प्लास्टिकचं झाकण दिसतं. ते फिरवून काढताना हाताने दाबून धरा, खाली स्प्रिंग असते. थंडीत बहुतेक वेळा फुटतो तो हाच प्लास्टिकचा भाग, आणि पितळेपेक्षा तो फुटलेला बरा, कारण तो किटमध्ये मिळतो. किट मात्र त्याच कंपनीचं आणि त्याच मॉडेलचं हवं. नंबर अंगावरच्या पट्टीवर असतो. रबर जिथे टेकतं ती जागा मऊ फडक्याने पुसा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. ओ-रिंगला पिण्याच्या पाण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. झाकण हातानेच आवळा. मग टेस्ट कॉक बंद करून, पुढचा व्हॉल्व्ह बंदच ठेवून, पुरवठ्याचा हळूहळू उघडा. सुरवातीला वरून थोडं पाणी उडतं, झाकण बसलं की थांबतं. थांबलंच नाही तर आत कचरा आहे, परत उघडा. आणि शेवटी टेस्टरला बोलवा. मी गाळलेली पायरी ही.

थंडी यायच्या आधी स्प्रिंकलरचा पुरवठा आतून बंद करा, टेस्ट कॉक उघडून पाणी काढून टाका, आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या मुठी अर्ध्यावर, म्हणजे ४५ अंशांवर ठेवा. नाहीतर व्हॉल्व्हच्या गोळ्यात अडकलेलं पाणी गोठून तोच फुटतो. होस पण नळावरून काढून ठेवा.

आणखी एक. मीटरजवळ चेक व्हॉल्व्ह बसवल्यावर वॉटर हीटरचा सुटका-व्हॉल्व्ह ठिबकायला लागला, असं बऱ्याच जणांकडून ऐकतो. पाणी तापलं की फुगतं. पूर्वी ते मेनमध्ये मागे सरकायचं, आता वाट बंद झाली. उपाय एक्स्पान्शन टँकचा आहे. ठिबकणाऱ्या तोंडाला बूच मारायचा तर मुळीच नाही.

आणि जरा खाजगी विषय. आपण सगळे इथे आल्यावर संडासाला जेट बसवतो, आखातात त्याला शत्ताफ म्हणतात. त्याचं तोंड भांड्यात लोंबकळणार नाही अशा उंचीवर अडकवा, वापर झाला की मागचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि बसवतानाच उलट्या प्रवाहाची सोय आहे का ते बघा. ब्रिटनमध्ये या जोडणीला सगळ्यात वरच्या, म्हणजे पाचव्या दर्जाचा धोका मानतात. तिथल्या मंडळींना माहीत असेलच, बाहेरच्या नळाला डबल चेक व्हॉल्व्हही तिथे १९९९ च्या नियमांनुसार लागतो.

घरात आपण फिल्टर बदलतो, स्मोक अलार्मची बॅटरी बदलतो, ते मुख्यतः आपल्यासाठी. हा व्हॉल्व्ह आपल्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त शेजारच्या आजींच्या चहाच्या जगासाठी आहे. म्हणूनच बहुधा तो काढताना आपल्याला काही वाटत नाही.

त्या मित्राला जेवणाच्या पंगतीत काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी दोन नव्या डब्या घेऊन त्याच्या घरी गेलो. म्हटलं, गृहप्रवेशाचा राहिलेला आहेर. एक पुढच्या नळाला, एक मागच्या. बसवून झाल्यावर त्याने नळ सोडला, बंद केला, आणि डबी फुर्र करून त्याच्या पँटवर उडाली.

"हे असंच चालायचं," मी म्हटलं.

आपल्यापैकी कुणी प्लंबिंगमधले जाणकार असतील तर माझं काही चुकलं असल्यास जरूर सांगा. चूभूद्याघ्या.

आपला,
(पँट भिजलेला) ऑस्टिनकर